दोर न्यूटनने तुटतो, बिल ज्यूलचं येतं: बल आणि ऊर्जेची एककं ओळखायची रीत

सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, भोसरीत नुकता कामाला लागलेला अ‍ॅप्रेंटिस आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यामुळे नाइलाजाने पंपाचं कोटेशन वाचणारे काका, या तिघांची गाडी एकाच जागी अडते. न्यूटन, न्यूटन-मीटर, किलो, किलोवॅट, युनिट, एचपी हे सगळं ‘ताकदीचंच काहीतरी’ वाटतं आणि एकमेकांच्या जागी वापरलं जातं. परीक्षेत त्याचा एक गुण जातो. कारखान्यात मात्र बोल्ट तुटतो, आणि सोसायटीत गरजेपेक्षा मोठा पंप बसून वर्षानुवर्षं बिल भरावं लागतं.

हा लेख अगदी पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. गुणाकार-भागाकार येत असला तरी पुरे. हाताशी महावितरणचं एखादं बिल असेल तर काढून ठेवा.

पायरी 1: आकडा दिसला की आधी दोन प्रश्न विचारा

सूत्रं नंतर. कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न: ही गोष्ट साठवून ठेवता येते का, विकत घेता येते का, हळूहळू संपते का? उत्तर ‘हो’ असेल तर ती ऊर्जा. सिलिंडरमध्ये ती असते, बॅटरीत असते, भाकरीत असते, धरणाच्या पाण्यात असते. तिचे पैसे मोजावे लागतात.

दुसरा प्रश्न: यामुळे काही तुटेल, वाकेल, घसरेल का? तसं असेल तर तिथे बल आहे. दोर किती ताण सोसेल, हुकाला किती लटकवता येईल, स्लॅबचा कॉलम किती पेलेल, हे सगळे बलाचे प्रश्न. बल साठवता येत नाही. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगमध्येही साठलेली असते ती ऊर्जाच. स्प्रिंग बोटाला ढकलत असते ते बल. आजवर कुणाच्याही घरी न्यूटनचं बिल आलेलं नाही, आणि दोर आपण किती ज्यूल खाल्ले याचा हिशेब ठेवून तुटत नाही. त्या क्षणी त्याच्यावर किती न्यूटन आले, एवढंच तो बघतो.

पायरी 2: दुधाच्या पिशवीने हात बसवा

अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी तळहातावर घ्या. पृथ्वी तिला साधारण 5 न्यूटन बलाने खाली ओढते आहे, आणि तुमचा हात तेवढ्याच बलाने तिला वर धरून आहे. न्यूटन म्हणजे किती, याचा हा हाताला कळणारा अंदाज: जेमतेम 100 ग्रॅमची वस्तू तळहातावर जेवढी दाबते, तेवढा 1 न्यूटन. पुस्तकी व्याख्या अशी, की 1 किलोग्रॅमच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे 1 मीटरने वाढवणारं बल म्हणजे 1 न्यूटन. ती पाठ असू द्या, पण अंदाज पिशवीने बांधा.

आता पिशवी जमिनीवरून उचलून ओट्यावर, म्हणजे साधारण 1 मीटर उंच ठेवा. 5 न्यूटन गुणिले 1 मीटर, म्हणजे 5 ज्यूल ऊर्जा तुम्ही पिशवीला दिलीत. दोन मीटरवरच्या फळीवर ठेवली असती तर 10 ज्यूल. बल दोन्ही वेळा तेच, 5 न्यूटन.

आणि पिशवी हातात धरून नुसतेच उभे राहिलात तर? बल 5 न्यूटन, पिशवीला दिलेली ऊर्जा शून्य.

इथे प्रत्येक वर्गात कुणीतरी हात वर करतं आणि ते बरोबरच आहे: मग हात का दुखतो? मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून जागेवर उभा असलेला वादक घामाघूम का होतो? कारण स्नायू म्हणजे भिंतीतला खिळा नव्हे. स्नायूतले तंतू ताण टिकवण्यासाठी सारखे आकसतात, सुटतात, पुन्हा आकसतात आणि दर खेपेला शरीरातलं इंधन जाळतात. ही ऊर्जा खर्च होते, पण तिची उष्णता होते. ढोलाला त्यातलं काही मिळत नाही. तोच ढोल खिळ्याला टांगा. खिळा वर्षभर तेवढंच बल लावेल आणि त्याला एका दाण्याचीही भूक लागणार नाही. ‘थकवा आला म्हणजे कार्य झालं’ हा समज डोक्यातून एकदा गेला की पुढचं सोपं आहे.

पायरी 3: एकक फोडा आणि मीटर मोजा

हे खरं हत्यार. कुठलंही एकक किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद यांत फोडून लिहायचं.

न्यूटन = किलोग्रॅम × मीटर ÷ सेकंद²

ज्यूल = न्यूटन × मीटर = किलोग्रॅम × मीटर² ÷ सेकंद²

वॅट = ज्यूल ÷ सेकंद = किलोग्रॅम × मीटर² ÷ सेकंद³

पहिल्या दोन ओळींत फरक आहे तो फक्त एका मीटरचा. बलाच्या एककात मीटर एकदा येतो, ऊर्जेच्या एककात दोनदा. वॅट ही शक्ती आहे, म्हणजे ऊर्जा वापरण्याचा दर. तिच्यात सेकंद आणखी एकदा भागतो. नववीत गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा हे धडे लागोपाठ शिकवले जातात, पण या तीन ओळी एकाखाली एक लिहून क्वचितच दाखवतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

परीक्षेवाल्यांसाठी याचा लगेच फायदा. 1 न्यूटन म्हणजे 1,00,000 डाइन, आणि 1 ज्यूल म्हणजे 1,00,00,000 अर्ग. एकीकडे पाच शून्यं, दुसरीकडे सात. हे पाठ करत बसू नका. डाइन आणि अर्ग ही सेंटिमीटर-ग्रॅम मोजणीतली एककं. ऊर्जेत जो एक मीटर जास्तीचा आहे, त्याचे 100 सेंटिमीटर होतात, म्हणून दोन शून्यं जास्त. विसरलात तरी परीक्षेच्या हॉलमध्ये अर्ध्या मिनिटात काढता येतं.

‘खालीलपैकी ऊर्जेचं एकक कोणतं नाही’ अशा प्रश्नांत जी नावं फिरून फिरून येतात, ती एकदाच सांगतो. ज्यूल, अर्ग, कॅलरी, किलोवॅट-तास, इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बीटीयू, फूट-पाउंड ही ऊर्जेची. न्यूटन, डाइन, किलोग्रॅम-बल, पाउंड-बल ही बलाची. वॅट, एचपी (अश्वशक्ती), पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ही शक्तीची. इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या ‘व्होल्ट’ला आणि किलोवॅट-तासातल्या ‘वॅट’ला भुलून उत्तर चुकवणारे दरवर्षी असतात.

पायरी 4: ‘किलो’ कुठला, ते ओळखा

किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक. पण व्यवहारात आपण तो बलासाठीही वापरतो, आणि गोंधळाची अर्धी मुळं इथे आहेत. लिफ्टमधल्या पाटीवर ‘6 व्यक्ती, 408 किलो’ असं लिहिलेलं असतं (माणशी 68 किलो धरून). लिफ्टच्या दोराला तुमच्या वस्तुमानाशी काही देणंघेणं नाही. त्याला दिसतो तो ताण. 408 ला 9.8 ने गुणा: साधारण 4000 न्यूटन. हा झाला माणसांचा भार. लिफ्टच्या डब्याचं वजन वेगळं.

1 किलोग्रॅम-बल म्हणजे नेमके 9.80665 न्यूटन. हा ठरवून घेतलेला आकडा आहे. पुण्यात गुरुत्व त्याहून किंचित कमी, 9.78 च्या आसपास आहे, कारण आपण विषुववृत्ताला युरोपपेक्षा जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर राहतो. तोंडी हिशेबाला सरळ 10 धरा. दोन टक्क्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

बोहरी आळीत सामान तोलायचा हुकाचा काटा स्वस्तात मिळतो. प्रयोगाची आवड असेल तर एक आणाच. या काट्याला वस्तू लटकवली की तो तिचा ओढ मोजतो, म्हणजे बल, आणि मग तबकडीवर किलोमध्ये दाखवतो. दोन पारड्यांचा तराजू मात्र वस्तुमानाची तुलना करतो. चंद्रावर नेला तरी तराजू खरं सांगेल. हुकाचा काटा एक-षष्ठांश दाखवेल.

बांधकामाकडे वळणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. एम-20 काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन सोसणारं. चाचणीचा ठोकळा 150 मिलिमीटरचा; त्याचा एक चेहरा 22,500 चौरस मिलिमीटर. गुणाकार केला की 4,50,000 न्यूटन, म्हणजे 450 किलोन्यूटन. प्रयोगशाळेतल्या यंत्राने एवढं दाबेपर्यंत ठोकळा फुटता कामा नये. हे सुमारे 46 टनांचं ओझं झालं. तसंच 12 मिलिमीटरची एफई-500 सळई (500 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन): तिचा छेद 113 चौरस मिलिमीटर, गुणिले 500, म्हणजे साडेछप्पन्न किलोन्यूटन. पावणेसहा टन लटकवले की ती कायमची ताणली जायला लागते. या दोन्ही हिशेबांत ज्यूल कुठेही आला नाही. पण त्याच पोलादाचा लहान तुकडा हातोड्यासारख्या लोलकाने एका फटक्यात तोडण्याची चार्पी चाचणी केली, तर तिचा निकाल ज्यूलमध्ये येतो, कारण तिथे प्रश्न ‘किती ताण सोसलास’ असा नसून ‘तुटताना किती ऊर्जा गिळलीस’ असा आहे. पदार्थ तोच, एककं दोन.

पायरी 5: वेळ आली की शक्ती

पावसाळ्यात पुण्यातला प्रत्येक माणूस हा फरक न शिकता वापरतो. खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये सांगतात, आणि धरणसाठा टीएमसीमध्ये. क्युसेक हा दर आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. टीएमसी हा साठा आहे: शंभर कोटी घनफूट. 11,574 क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की 1 टीएमसी संपतं. वॅट आणि ज्यूल यांचं नातं हेच. वॅट म्हणजे क्युसेक, ज्यूल म्हणजे टीएमसी. ‘आज भिडे पुलाखालून तीस हजार टीएमसी गेलं’ असं कुणी म्हणालं तर आपण हसतो. ‘महिन्याला दोनशे किलोवॅट वीज जळली’ हे ऐकताना मात्र कुणी हसत नाही.

आता बिल उघडा. त्यावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये असतो. तो दर आहे: तुम्ही एका वेळी किती ओढू शकता त्याचा. वापर असतो तो युनिटमध्ये, आणि 1 युनिट म्हणजे 1 किलोवॅट-तास. हजार वॅट एक तास चालले, म्हणजे 1000 × 3600 = 36,00,000 ज्यूल. गुणाकार आहे, भागाकार नाही. ‘किलोवॅट प्रति तास’ असं छापलेलं दिसलं की समजा, लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं.

छतावर 3 किलोवॅटचं सोलर बसवणाऱ्याला विक्रेता ‘तीन किलोवॅट वीज मिळेल’ असं सांगतो. ती भर उन्हातली कमाल क्षमता. दिवसाला किती युनिट, हा विचारायचा प्रश्न. आपल्याकडे किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चारेक युनिट धरतात, म्हणजे बारा. एसीचा ‘टन’ हाही दरच आहे: उष्णता बाहेर फेकण्याचा दर, 1 टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॅट. हे किलोवॅट उष्णतेचे. एसी स्वतः वीज त्याहून बरीच कमी खातो. आणि पंपाचा 1 एचपी म्हणजे 746 वॅट.

सेक्रेटरी काकांसाठी एक हिशेब. हजार लिटर पाणी 15 मीटर उंच टाकीत चढवायला 1000 × 9.8 × 15 = 1,47,000 ज्यूल, म्हणजे 0.04 युनिट लागतात. पंप आणि नळ्यांतली गळती धरून तिप्पट म्हणा. पाणी तेवढंच, उंची तेवढीच, तर पंप एक एचपीचा असो की तीनचा, पाणी चढवायला लागणारी मुळातली ऊर्जा बदलत नाही; टाकी लवकर भरते एवढंच. बिलात फरक पडतो तो पंपाच्या कार्यक्षमतेमुळे आणि नळी अरुंद असताना पाणी जोरात रेटल्यामुळे. कोटेशनमध्ये एचपीच्या आधी कार्यक्षमता बघा.

पायरी 6: सिंहगड हे मोजमाप म्हणून वापरा

युनिट म्हणजे नेमकी किती ऊर्जा, याचा अंदाज बहुतेकांना नसतो, आणि मला या विषयात सगळ्यात गंमत वाटते ती इथे.

पायथ्यापासून सिंहगड साधारण 600 मीटर चढ आहे. 60 किलोचा माणूस वर पोचला की त्याने गुरुत्वाविरुद्ध 60 × 9.8 × 600, म्हणजे सुमारे 3,53,000 ज्यूल इतकं कार्य केलं. 0.1 युनिट. दहा माणसं पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत धापा टाकत चढली, की सगळ्यांचं मिळून झालं एक युनिट. अर्थात, शरीर इंधनाचा चौथा-पाचवा हिस्साच चढण्याच्या कामी लावतं, बाकीचं घामावाटे जातं. म्हणून 84 किलोकॅलरीच्या चढाईला साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरी जळतात. वर बसून पिठलं-भाकरी आणि कांदाभजी खाल्ली की हिशेब पूर्ण होतो, बहुधा उलट्या बाजूने.

आता गीझर. 2 किलोवॅटचा गीझर पाव तास लावला: अर्धं युनिट, 18 लाख ज्यूल. त्यात 15 लिटर पाणी साधारण 28 अंशांनी तापतं. एक बादली! पाच जणांची सिंहगडाची चढाई एका बादलीत जाते. उष्णता किती महाग आहे आणि उचलणं किती स्वस्त, हे यातून कळतं. वस्तू उचलणं आणि पाणी तापवणं या दोन्हींना एकच एकक चालतं, हे इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूलने 1840 च्या दशकात दाखवलं. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्याने पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाण्याचं तापमान किती चढलं ते मोजलं. 1 कॅलरी म्हणजे साधारण 4.2 ज्यूल हा आकडा त्याच कामातून पुढे आला. खाण्याच्या पाकिटावरची ‘कॅलरी’ मात्र किलोकॅलरी असते, हजारपट.

स्वयंपाकाचा 14.2 किलोचा सिलिंडर? एलपीजी किलोमागे साधारण 460 लाख ज्यूल देतो. गुणाकार केला की सुमारे 180 युनिट. फोनची 5000 एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) बॅटरी? एमएएच हे विद्युतप्रभाराचं माप आहे, ऊर्जेचं नाही; व्होल्टने गुणल्याशिवाय त्यातून ऊर्जा निघत नाही. 5 अँपिअर-तास × 3.85 व्होल्ट = सुमारे 19 वॅट-तास. एका युनिटात फोन कागदोपत्री पन्नास वेळा चार्ज होतो.

पायरी 7: न्यूटन-मीटर पाहून लगेच ज्यूल म्हणू नका

आता मीटर मोजायची युक्ती जिथे फसते ती एकच मोठी जागा. स्कूटरच्या माहितीपत्रकात ‘टॉर्क 9 न्यूटन-मीटर’ असं असतं. फोड केली तर हुबेहूब ज्यूल. पण ही ऊर्जा नव्हे.

पान्याने नट आवळताना पाना पाव मीटर लांब आहे आणि तुम्ही टोकाला 200 न्यूटनने ओढता. 200 × 0.25 = 50 न्यूटन-मीटर टॉर्क. नट गंजलेला आहे, हलला नाही. ऊर्जा शून्य! कारण इथला मीटर हा बलाच्या दिशेने कापलेलं अंतर नाही. तो बलाला काटकोनात असलेली पान्याची लांबी आहे. नट फिरला तरच ऊर्जा खर्च होते, आणि ती टॉर्क गुणिले फिरलेला कोन एवढी, कोन रेडियनमध्ये. पूर्ण एक फेरा म्हणजे 6.28 रेडियन, म्हणजे 314 ज्यूल. म्हणूनच टॉर्कचं एकक नेहमी न्यूटन-मीटर असंच लिहितात, ज्यूल कधीही लिहीत नाहीत.

अ‍ॅप्रेंटिस मंडळींनो, काही टॉर्क पान्यांवर दोन पट्ट्या असतात: न्यूटन-मीटर आणि किलोग्रॅम-मीटर. ड्रॉइंगवर 50 न्यूटन-मीटर असताना दुसऱ्या पट्टीवर 50 लावलं, तर दहापट आवळलं जातं. सांगायला कुणी सुपरवायझर येणार नाही, बोल्टच सांगेल.

त्याच माहितीपत्रकात ‘पीएस’ही असतात. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे शक्ती. 9 न्यूटन-मीटर, मिनिटाला 5500 फेरे, म्हणजे सेकंदाला 576 रेडियन: 5184 वॅट, सुमारे 7 पीएस. 1 पीएस 735.5 वॅटचा. टॉर्क चढावर कामाला येतो, शक्ती वेगाला, हे विक्रेत्याचं वाक्य ढोबळ आहे, कारण गिअर टाकून टॉर्क वाढवता येतो, शक्ती वाढवता येत नाही.

पायरी 8: बल आणि ऊर्जेच्या मध्ये काय आहे ते पहा

हेल्मेटवर पुण्यात इतके वाद झाले आहेत की भौतिकशास्त्राने त्यात पडू नये. पण याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

स्कूटर घसरून डोकं दीड मीटरवरून रस्त्यावर आदळलं असं धरू. डोक्याचं वस्तुमान साधारण 5 किलो. ऊर्जा 5 × 9.8 × 1.5, म्हणजे सुमारे 74 ज्यूल. हेल्मेट असो वा नसो, हा आकडा बदलत नाही. एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागणार. प्रश्न असा, की किती अंतरात? उघडं डोकं त्वचा दबेपर्यंत, पाचेक मिलिमीटरमध्ये थांबतं: 74 भागिले 0.005, म्हणजे जवळजवळ 15,000 न्यूटन, दीड टन. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर 25 मिलिमीटर चिरडला गेला तर 74 भागिले 0.025, म्हणजे 3000 न्यूटनच्या आसपास. ही सरासरी बलं आहेत, आणि दीड टन व तीनशे किलो यांत कवटी उरण्या-न उरण्याचा फरक पडू शकतो. हेल्मेट ऊर्जा कमी करत नाही, अंतर वाढवतं. ते एकदा चिरडलं की त्याचं काम झालं. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये, ते याचसाठी. मोटारीचं बॉनेट मुद्दाम चुरगळेल असं बनवतात, त्यामागेही हाच भागाकार आहे.

अंतराऐवजी वेळेने गुणलं तर? बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग यातला) बदल, न्यूटन-सेकंद. ही ऊर्जा नव्हे. सायकलचा वेग दुप्पट केला आणि ब्रेक तेवढ्याच बलाने दाबला, तर थांबायला वेळ दुप्पट लागतो, पण अंतर चौपट. यांतलं खरं माप कुठलं, यावर युरोपात मोठा वाद झाला होता. 1686 मध्ये जर्मन गणितज्ञ लाइबनिट्झने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मापावर आक्षेप घेतला: गतीचं माप वेगाच्या पटीत नसून वेगाच्या वर्गाच्या पटीत आहे. भांडण काही दशकं चाललं. दोघांची मापं खरीच होती. एक वेळेच्या प्रश्नाला उत्तर देत होतं, दुसरं अंतराच्या. रस्त्यावर आडवी आलेली म्हैस अंतर बघते, म्हणून चालवताना लाइबनिट्झच्या बाजूने राहा.

दाबाचं थोडक्यात. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरताना ‘तीस भरा’ म्हणतो ते 30 पीएसआय: दर चौरस इंचाला 30 पाउंड-बल, साधारण 2.1 किलो दर चौरस सेंटिमीटरला. कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 किलो दर चौरस सेंटिमीटर एवढा दाब जास्त असतो. ऐकायला किरकोळ, पण 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर, म्हणजे झाकणावर तीनशे किलोंहून अधिक बल. वाफ जाईपर्यंत झाकणाशी झटापट करू नका.

पायरी 9: सराव

खालच्या प्रत्येक प्रश्नात आधी एकक कशाचं येणार ते ठरवा, मगच आकडेमोड करा.

एक. मार्केट यार्डात हमालाने 50 किलोचं पोतं पाठीवर घेतलं आणि सपाट फरशीवरून 40 मीटर नेलं. पोत्याला धरून ठेवणारं बल? 490 न्यूटन. चालताना गुरुत्वाविरुद्ध केलेलं कार्य? शून्य, कारण उंची बदलली नाही. पोतं दीड मीटर उंच ट्रकमध्ये टाकलं की 735 ज्यूल. मजुरी मात्र त्याने पूर्ण घ्यावी. पायरी 2 मधले स्नायू आठवा.

दोन. 15 टनांची बस लोणावळ्याहून खोपोलीला उतरते, उंचीत सुमारे 550 मीटरचा फरक. 15,000 × 9.8 × 550 = 8 कोटी ज्यूल, जवळजवळ 22 युनिट. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरली तर ब्रेक निकामी होतात. म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि इंजिनाला अडवू द्यायचं.

तीन. त्याच उताराने बसऐवजी पाणी उतरवलं तर? लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली सोडून वीज करणारं टाटांचं खोपोलीचं केंद्र 1915 मध्ये सुरू झालं. 500 मीटर उतार धरा. 1000 लिटर पाण्यात किती युनिट आहेत ते काढा, आणि नळाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला किती किलो बल येईल तेही. उत्तरं: जास्तीत जास्त 1.36 युनिट, आणि पाणी थांबलेलं असताना 50 किलो.